माल, कागद आणि माणसं : इंटरनॅशनल बिझनेसच्या पदवीत नेमकं काय मिळतं?

२०१० च्या हंगामात नाशिक जिल्ह्यातली द्राक्षं नेहमीप्रमाणे युरोपला निघाली. माल देखणा होता, पॅकिंग चोख होतं. पण तिकडच्या प्रयोगशाळांना त्यात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले. बागाईतदार ज्याला 'लिहोसिन' म्हणतात, ते हेच वाढनियंत्रक. वेलीची अवाजवी वाढ रोखायला ते आपल्याकडे सर्रास वापरलं जायचं, आणि निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी होत असे त्या यादीत त्याचं नाव नव्हतं. कंटेनर बंदरांत अडकले, माल नाकारला गेला आणि त्या हंगामाने अनेक निर्यातदारांना आणि बागाईतदारांना कर्जाच्या खाईत लोटलं.

या प्रकरणात कोणी भेसळ केली नव्हती की कोणी कोणाला फसवलं नव्हतं. बागेतलं काम बागाईतदाराला येत होतं, जहाजाचं काम जहाजवाल्याला येत होतं, पैशाचं काम बँकेला येत होतं. या सगळ्यांना जोडणारा एक नियम मात्र कोणी वेळेवर वाचला नव्हता. 'इंटरनॅशनल बिझनेस' नावाची पदवी कशासाठी असते, हे समजून घ्यायचं तर सुरुवात अशा उदाहरणापासून करावी. परदेशी नोकरी, टाय-सूट आणि विमानतळांचे फोटो ही या पदवीची जाहिरातीतली बाजू झाली. तिचा खरा फायदा असा की, एकाच व्यवहाराकडे विकणारा, घेणारा, बँक, जहाज कंपनी, कस्टम आणि दोन देशांची सरकारं कशी पाहतात हे ती एका डोक्यात बसवते.

ही पदवी आली कुठून?

वाणिज्य शाखा आपल्याकडे जुनीच. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ पासून व्यापारशिक्षण देत आलं आहे. पण देशाबाहेरच्या व्यापाराला वेगळा अभ्यासक्रम हवा, ही जाणीव दुसऱ्या महायुद्धानंतर पक्की झाली. १९४६ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात युद्धकाळातल्या वैमानिक प्रशिक्षण तळावर 'थंडरबर्ड' ही संस्था उभी राहिली. तिथला अभ्यास तीन पायांवर उभा होता : जागतिक व्यापार, परक्या प्रदेशांचा अभ्यास आणि परकी भाषा. आजही कोणताही चांगला अभ्यासक्रम या तीन पायांवरच उभा असतो. एखाद्या महाविद्यालयाने यातले दोन पाय काढून घेतले असतील, तर उरते ती केवळ वेगळ्या नावाची एमबीए.

भारतात हा विचार आला तो गरजेतून. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात परकीय चलनाची गंगाजळी आटली होती आणि निर्यात वाढवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. १९५७ मध्ये निर्यातदारांचे पैसे बुडण्याच्या धोक्यावर विमा देणारी, आज ईसीजीसी म्हणून ओळखली जाणारी सरकारी संस्था स्थापन झाली आणि १९६३ मध्ये दिल्लीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेड, म्हणजे आयआयएफटी, सुरू झाली. १९८२ मध्ये मुंबईत एक्झिम बँक आली. १९९१ च्या उदारीकरणानंतर गणित बदललं. आयात-निर्यात ही मोजक्या परवानाधारकांची मक्तेदारी राहिली नाही आणि जाणत्या माणसांची मागणी एकदम वाढली. पुण्यात सिंबायोसिसने १९९२ मध्ये इंटरनॅशनल बिझनेसची स्वतंत्र संस्था काढली ती या वळणावर. आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बारावीनंतर थेट 'बीबीए (आयबी)' करता येतं.

अनोळखी माणसाला तेरा टन माल कसा द्यायचा?

नाशिकहून निघणाऱ्या एका चाळीस फुटी रीफर कंटेनरमध्ये, म्हणजे शीतकंटेनरमध्ये, साधारण १३ टन द्राक्षं बसतात. घेणारा रॉटरडॅममध्ये बसलेला आहे. त्याला तुम्ही कदाचित कधी भेटलेलाही नाही. माल आधी पाठवला तर पैसे बुडायची भीती तुम्हाला, आणि पैसे आधी दिले तर माल न मिळण्याची भीती त्याला. घाऊक बाजारात हा पेच ओळखीने, शब्दाने किंवा दलालाच्या पतीवर सुटतो. दोन देशांत, दोन कायद्यांखाली तो तसा सुटत नाही.

त्यावर व्यापारी जगाने काढलेला तोडगा म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, बोलीभाषेत 'एलसी'. घेणाऱ्याची बँक लिहून देते की अमुक कागद अमुक मुदतीत आमच्यापुढे आले की पैसे आम्ही देऊ. म्हणजे आता तुमचा विश्वास खरेदीदारावर न राहता बँकेवर जातो. हे व्यवहार जगभर ज्या नियमांनी चालतात, त्यांना यूसीपी ६०० म्हणतात. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने केलेली ही नियमावली १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : बँक कागद पाहते, माल पाहत नाही. द्राक्षं कितीही गोड असोत, बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर, मालाचं वर्णन एलसीशी विसंगत असेल किंवा माल चढवण्याची तारीख एका दिवसाने हुकली असेल, तर बँक पैसे अडवू शकते. कागद तपासायला तिला जास्तीत जास्त पाच बँक-दिवस मिळतात. पहिल्यांदा सादर केलेल्या कागदांत चुका निघणं हा या धंद्यातला रोजचा अनुभव आहे. म्हणूनच ज्याला कागद बिनचूक लावता येतात, अशा माणसाला निर्यात कंपनीत मान असतो.

याच चेंबरची दुसरी नियमावली म्हणजे इन्कोटर्म्स. १९३६ मध्ये ती पहिल्यांदा आली आणि सध्याच्या २०२० च्या आवृत्तीत तिच्यात अकरा संज्ञा आहेत. एफओबी, सीआयएफ, डीडीपी ही अक्षरं निर्यातदारांच्या तोंडी सतत असतात. वाहतुकीचा खर्च कोणी करायचा, विमा कोणी काढायचा आणि मालाची जोखीम कोणत्या क्षणी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे ती तीन अक्षरं ठरवतात.

अनेक अनुभवी लोकही जिथे फसतात अशी एक जागा सांगतो. सीआयएफ रॉटरडॅम असा सौदा केला की भाडं आणि विमा विकणाऱ्याने भरायचा. त्यामुळे सहज वाटतं, की माल रॉटरडॅमला पोचेपर्यंत जबाबदारी त्याचीच. प्रत्यक्षात न्हावा शेवाला माल जहाजावर चढला त्या क्षणी जोखीम घेणाऱ्याकडे गेलेली असते. खर्च एका बंदरापर्यंत आणि जोखीम दुसऱ्या बंदरापर्यंत, अशी ही विभागणी आहे. आणखी एक बारकावा : एफओबी आणि सीआयएफ या संज्ञा मुळात जहाजावर थेट चढणाऱ्या मालासाठी आहेत. कंटेनर तर जहाज येण्याआधीच टर्मिनलमध्ये सोपवलेला असतो, म्हणून त्याच्यासाठी एफसीए किंवा सीआयपी वापरा, असा चेंबरचा सल्ला आहे. तरीही कंटेनरच्या करारांवर एफओबी सर्रास लिहिलं जातं. कंटेनर यार्डात असताना नुकसान झालं की मग वाद सुरू होतो. पदवीचा विद्यार्थी हा फरक वर्गात शिकतो. न शिकलेला तो एका बुडालेल्या कंटेनरच्या किमतीत शिकतो.

आठ आकडे आणि एक अळूचं पान

जगातल्या प्रत्येक विकाऊ वस्तूला कस्टमच्या दृष्टीने एक क्रमांक असतो. १९८८ पासून लागू असलेल्या 'हार्मोनाइज्ड सिस्टीम'चे पहिले सहा आकडे बहुतेक सर्व देशांत सारखेच असतात. पुढचे आकडे प्रत्येक देश आपापले जोडतो आणि भारतात एकूण आठ आकडे वापरले जातात. ताज्या द्राक्षांचा सहा आकडी क्रमांक ०८०६१०. हा क्रमांक ठरला की शुल्क, सवलत, बंदी, लागणारी प्रमाणपत्रं हे सगळं त्याच्या मागोमाग येतं.

क्रमांकावर किती पैसा अवलंबून असतो, याचं वर्गात नेहमी सांगितलं जाणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे 'डॉल' म्हणजे माणसाच्या रूपातल्या बाहुल्यांवर १२ टक्के आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के शुल्क होतं. 'एक्स-मेन' या सुपरहिरोंच्या मूर्ती आयात करणाऱ्या टॉय बिझ कंपनीने कोर्टात म्हटलं, की आमची ही पात्रं माणसं नाहीतच. २००३ मध्ये कोर्टाने ते मान्य केलं आणि कंपनीचं शुल्क जवळपास निम्म्यावर आलं. चित्रपटभर आपण माणूस असल्याचं सिद्ध करू पाहणाऱ्या पात्रांना कस्टमसाठी अमानुष ठरावं लागलं. यातली गंमत बाजूला ठेवली तरी वर्गीकरण हे किती गंभीर शास्त्र आहे, ते ध्यानात येतं.

शुल्काच्या जोडीला व्यापार करारांचा अभ्यास येतो. संयुक्त अरब अमिरातीशी भारताचा करार मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. ब्रिटनशी करारावर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या. पण सवलत आपोआप मिळत नाही. माल खरोखर भारतात तयार झाला आहे, हे 'रूल्स ऑफ ओरिजिन'च्या कसोटीवर दाखवून तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. चीनहून सुटे भाग आणून पुण्यात जोडलेलं यंत्र भारतीय मानायचं का? उत्तर करारागणिक बदलतं आणि त्या उत्तरावर ऑर्डर मिळते किंवा जाते. ज्याला करार वाचता येतो तो कंपनीसाठी नवी बाजारपेठ शोधून देतो. इतरांना कराराची बातमी वर्तमानपत्रात दिसते आणि तिथेच राहते.

शुल्क शून्यावर आलं तरी दार उघडतंच असं नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली. बंदीच्या यादीत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही होतं. कारण होतं फळमाशी आणि इतर किडी. कोकणातला हापूस ऐन हंगामात अडकला. पॅकहाउसमधली तपासणी कडक झाल्यावर २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. अमेरिकेची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे २००७ मध्ये आंब्याला दार उघडलं ते विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. लासलगावच्या 'कृषक' केंद्रात फळांवर ही प्रक्रिया होऊ लागली आणि तीही अमेरिकी निरीक्षकाच्या देखरेखीखाली. कोरोनाकाळात ते निरीक्षक येऊ शकले नाहीत, म्हणून २०२० आणि २०२१ मध्ये ही निर्यात बंद पडली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. आंबा तोच, शेतकरी तोच, ग्राहकही तयार. एका माणसाचा प्रवास थांबला म्हणून सगळी साखळी थांबली. असे अडथळे आधीच ओळखून पर्यायी बाजारपेठ तयार ठेवणं, याला या अभ्यासक्रमात जोखीम व्यवस्थापन म्हणतात.

द्राक्षांच्या बाबतीत आपण हा धडा बऱ्याच अंशी शिकलोही. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी-निर्यात संस्थेची 'ग्रेपनेट' ही नोंदणी आणि मागोवा घेण्याची व्यवस्था २०१० च्या आधीपासून होती. त्या संकटानंतर तपासणीच्या याद्या आणि शिस्त दोन्ही वाढल्या. एकेकट्याने टिकणार नाही, हे ओळखून शेतकरी एकत्र आले. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची 'सह्याद्री फार्म्स' ही शेतकरी कंपनी पुढे देशातल्या सर्वांत मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत गणली जाऊ लागली. अशा कंपनीला बागेचं ज्ञान शेतकरी देतात. रसायनांच्या मर्यादा, खरेदीदारांचे निकष आणि करारांची भाषा रोज वाचणारी माणसं मात्र तिला शोधावी लागतात. कृषी पदवीनंतर इंटरनॅशनल बिझनेस करणाऱ्यांसाठी ही मोठी जागा आहे.

रुपया, समुद्र आणि सरकार

समजा, २५ हजार युरोंचा सौदा झाला आणि पैसे नव्वद दिवसांनी येणार आहेत. या काळात युरो रुपयाच्या तुलनेत चार रुपयांनी घसरला, तर एक लाख रुपये कुठेही न जाता नाहीसे झाले. फळबागेच्या किंवा छोट्या कारखान्याच्या नफ्यात एवढी फट सहसा परवडत नाही. बँकेशी फॉरवर्ड करार करून दर आजच बांधून घेता येतो. पण तो केव्हा बांधावा, किती रकमेचा बांधावा आणि ऑर्डरच रद्द झाली तर त्या कराराचं काय, हे कळावं लागतं. चलनावर सट्टा खेळणं आणि चलनापासून बचाव करणं यातली रेषा बारीक असते. ती ओळखायला शिकवणारा विषय, इंटरनॅशनल फायनान्स, विद्यार्थ्यांना सगळ्यात कठीण वाटतो आणि नोकरीत सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

समुद्रही आपल्या मर्जीने चालत नाही. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझ कालव्यात आडवं होऊन सहा दिवस अडकलं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि बहुतेक कंटेनर कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालण्याचा मार्ग धरला. युरोपचा प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला. यंत्राच्या सुट्या भागांना हे चालून जातं. द्राक्षाला प्रत्येक जादा दिवस जड जातो. कुठला माल कुठल्या मार्गाने, किती आधी तोडून आणि कोणत्या विम्याखाली पाठवायचा, ही सगळी गणितं अशा वेळी नव्याने मांडावी लागतात.

तिसरा अनिश्चित घटक म्हणजे सरकार. कांदा उत्पादकांना हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये सरळ निर्यातबंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण किमान निर्यात मूल्य आणि शुल्क राहिलं. शुल्क पूर्ण हटलं ते १ एप्रिल २०२५ ला. या काळात ज्या परदेशी ग्राहकांनी दुसऱ्या देशांकडून कांदा घ्यायला सुरुवात केली, त्यांना परत आणणं सोपं नसतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा एकाच बाजारावर विसंबलेल्या निर्यातदारांची झोप उडाली. पदवी घेतल्याने सरकारचा निर्णय आधी कळत नाही. पण करारात कोणतं कलम घालून ठेवलं की असा निर्णय आल्यावर नुकसान कोणाच्या माथी जाईल, हे कळतं.

युरोपच्या कार्बन शुल्काचंही असंच. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं अशा मालासाठी ऑक्टोबर २०२३ पासून युरोपात नुसती कार्बन उत्सर्जनाची आकडेवारी द्यावी लागत होती. जानेवारी २०२६ पासून त्याची प्रत्यक्ष आर्थिक अंमलबजावणी सुरू झाली. या यादीत पोलादाचे स्क्रू-बोल्टही येतात. वस्तू बनवताना हवेत किती कार्बन सोडला, याचा हिशेब आता युरोपला माल विकणाऱ्या छोट्या कारखानदारालाही ठेवावा लागेल. हा हिशेब मांडणारी माणसं आज फार थोडी आहेत.

माणसं वाचायला शिकणं

कागद, शुल्क आणि चलन हे सगळं जमलं तरी व्यवहार शेवटी माणसांशी असतो. १९९८ मध्ये जर्मनीची डेमलर-बेंझ आणि अमेरिकेची क्रायस्लर एकत्र आल्या, तेव्हा कागदावरचं गणित उत्तम होतं. पण निर्णय कसे घ्यायचे, वरिष्ठांशी कसं वागायचं, पगार किती असावेत, इथपर्यंत दोन्हीकडच्या सवयी वेगळ्या होत्या. त्या सवयी शेवटपर्यंत जुळल्या नाहीत आणि २००७ मध्ये दोघी विभक्त झाल्या. अपयशाला इतर कारणंही होती, पण कार्यसंस्कृतीचा संघर्ष त्यांत ठळक मानला जातो.

आपल्या दाराजवळचं उदाहरण केलॉग्जचं. ही अमेरिकी कंपनी १९९४ मध्ये भारतात आली. तळोजाला कारखाना टाकला. सकाळी गरम पोहे किंवा उपमा खाणाऱ्या घरांत थंड दुधातले कॉर्नफ्लेक्स विकायचे होते. लोकांनी सवयीप्रमाणे त्यावर गरम दूध ओतलं आणि कुरकुरीत पदार्थाचा लगदा झाला. पहिल्या खरेदीनंतर अनेकांनी पुन्हा पाकीट घेतलं नाही. कंपनीला भारतीय न्याहारी समजून घ्यायला, चवी आणि किमती बदलायला वर्षं लागली. आपण उलट दिशेने जातो तेव्हा हाच प्रश्न आपल्यापुढे असतो. आपली बाकरवडी, मसाला किंवा गूळ परदेशी माणूस कधी, कशाबरोबर आणि का खाईल?

संस्कृतीचा अभ्यास म्हणजे 'जपानी लोक वाकून नमस्कार करतात' असली यादी पाठ करणं नव्हे. डच संशोधक हेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून १९८० मध्ये संस्कृतींची तुलना मांडली. तिच्यावर टीकाही भरपूर झाली, कारण एका कंपनीच्या नोकरदारांवरून अख्खा देश कसा ओळखायचा? चांगला प्राध्यापक ही मांडणी आणि तिच्यावरची टीका, दोन्ही शिकवतो. त्यातून विद्यार्थ्याला सवय लागते ती स्वतःच्या गृहीतकांवर शंका घेण्याची. समोरचा 'बघू' म्हणाला याचा अर्थ होकार, नकार की टोलवाटोलवी, हे मराठी माणसाला घरी सांगावं लागत नाही. तोच प्रश्न परक्या भाषेत आला की मात्र शिकावं लागतं.

म्हणून भाषा. पुण्यात जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे आणि चाकण परिसरातल्या जर्मन वाहन कंपन्यांमुळे तिला रोजगाराचीही जोड मिळाली. जपानी शिकणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. व्यवहार इंग्रजीत होत असला, तरी कारखान्यातल्या माणसाशी त्याच्या भाषेत चार वाक्यं बोलता येणाऱ्याला जे कळतं ते ई-मेलमध्ये येत नाही. पदवीच्या दोन-तीन वर्षांत एक परकी भाषा कामचलाऊ पातळीच्या पुढे नेली, तर पुढची पंचवीस वर्षं तिचा परतावा मिळत राहतो.

कायद्याचंही एक अंग यात आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. तेव्हा आपल्याकडे एकच प्रश्न विचारला गेला : कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं असताना हे चालतंच कसं? उत्तर असं की जीआयचं संरक्षण ज्या देशात नोंद झाली त्या देशापुरतं असतं. महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना भारतात मिळालेला हक्क इटलीत आपोआप लागू होत नाही. गदारोळानंतर कंपनीने भारतीय परंपरेची प्रेरणा मान्य केली. पण मान्यता आणि हक्क यांत फरक आहे. बाहेरच्या देशांत नोंदणी, परवाने आणि भागीदारीचे करार हे काम वकिलाइतकंच व्यापार जाणणाऱ्या माणसाचं आहे.

नोकरी कुठे असते?

आयात-निर्यात म्हटलं की लोकांना फक्त निर्यातदार दिसतो. त्याच्या मागे मोठं जग आहे. फ्रेट फॉरवर्डर, म्हणजे मालवाहतुकीची जुळवाजुळव करणारे, आणि कस्टम्स ब्रोकर यांची कार्यालयं मुंबई, नवी मुंबई आणि उरण पट्ट्यात शेकड्याने आहेत. १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराने तो पट्टाच उभा केला. बँकांच्या ट्रेड फायनान्स विभागात एलसी तपासणारी माणसं लागतात. पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि नाशिकच्या कारखान्यांत परदेशी पुरवठादारांशी बोलणारा खरेदी विभाग असतो, तसेच परदेशी ग्राहक सांभाळणारे विक्री अधिकारी असतात. औषध कंपन्यांना प्रत्येक देशाचे नियम जाणणारी माणसं हवी असतात. सल्लागार कंपन्या, ई-कॉमर्स आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांची भारतातली केंद्रं हे तुलनेने नवे दरवाजे. यातल्या बहुतेक नोकऱ्या भारतातच आहेत. त्यांच्यात जग असतं, पासपोर्टवर शिक्का असेलच असं नाही. परदेशी स्थायिक होण्याचा सोपा मार्ग म्हणून कोणी ही पदवी घेत असेल, तर त्याने व्हिसाचे नियम आधी वाचावेत. ते पदवी पाहून बदलत नाहीत.

ज्यांच्या घरी आधीच धंदा आहे, त्यांना या शिक्षणाचा फायदा वेगळ्या प्रकारे होतो. इचलकरंजीचं कापड, सोलापूरचे टॉवेल, सांगलीचा बेदाणा, जळगावची केळी या प्रत्येक व्यवसायात माल बनवणारी पिढी तयार आहे. बरेचदा त्यांचा माल मुंबईच्या मध्यस्थामार्फत जातो आणि परदेशी ग्राहक कोण हे कारखानदाराला कळतही नाही. मुलगी किंवा मुलगा ही विद्या शिकून परतला, तर कुटुंबाला ग्राहकाशी थेट बोलता येतं. पगाराच्या आकड्यात ते दिसणार नाही, पण नफ्यात दिसतं.

पदवी कोणी घ्यावी, कशी निवडावी?

निर्यात करायला पदवी लागत नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक, घेतला, बँक खातं आणि माल असला की कायद्याने कोणीही निर्यातदार होतो. ज्याला लगेच धंदाच करायचा आहे, त्याच्यासाठी महासंचालनालयाचा 'निर्यात बंधू' उपक्रम आणि कृषी पणन मंडळाची पुण्यातली निर्यात प्रशिक्षणं ही कमी खर्चाची सुरुवात आहे. कर्ज काढून मोठी फी भरण्याआधी या पर्यायावर घरात बोलणं झालं पाहिजे. ज्याला आकड्यांचा, नियमांच्या वाचनाचा आणि परक्या भाषेचा कंटाळा आहे, त्यानेही ही वाट धरू नये. या कामात रोमांच थोडा आणि तपशील फार असतो.

मात्र ज्याला बहुराष्ट्रीय कंपनी, बँक किंवा मोठी निर्यात संस्था यांत वर चढायचं आहे, किंवा घरचा धंदा देशाबाहेर न्यायचा आहे, त्याला दोन-तीन वर्षांचं सलग शिक्षण खूप काही देतं. सुटे कोर्स एकेक तुकडा शिकवतात. पदवी ते तुकडे जोडून दाखवते : इन्कोटर्म बदलली की विमा बदलतो, विमा बदलला की किंमत बदलते, किंमत बदलली की शुल्क बदलतं, शुल्क बदललं की बाजारपेठच बदलावी लागते. या साखळीची जाणीव असलेला माणूस कोणत्याही खात्यात बसला तरी इतर खात्यांचे प्रश्न त्याला आधीच दिसतात.

महाविद्यालय निवडताना इमारत आणि 'पॅकेज'चा फलक याआधी चार गोष्टी विचाराव्यात. परकी भाषा सक्तीची आहे का आणि ती किती पातळीपर्यंत शिकवतात? प्रत्यक्ष एलसी, शिपिंग बिल आणि बिल ऑफ लेडिंग वर्गात तपासायला देतात का? इंटर्नशिप बंदर, फॉरवर्डर किंवा निर्यात कंपनीत होते, की कुठेही पत्र आणून चालतं? शिकवणाऱ्यांत या धंद्यात काम केलेला कोणी आहे का? मागच्या दोन-तीन तुकड्यांतल्या विद्यार्थ्यांना गाठून हेच प्रश्न विचारले, तर माहितीपत्रकापेक्षा खरी उत्तरं मिळतात. आयआयएफटी किंवा पुण्या-मुंबईतल्या नामांकित संस्थांत प्रवेश मिळाला तर उत्तमच. पण या चार प्रश्नांना 'हो' म्हणणारं छोट्या शहरातलं बीबीए (आयबी) महाविद्यालयही, चकचकीत पण पोकळ संस्थेपेक्षा जास्त देऊन जातं.

पदवीचं मोल अखेर विद्यार्थी तिच्यासोबत काय जोडतो यावर ठरतं. एक भाषा, एक क्षेत्र आणि एक प्रदेश, एवढं प्रत्येकाने शिकतानाच निवडावं. 'मी इंटरनॅशनल बिझनेस केलंय' असं म्हणणारे हजारो असतात. 'मला जर्मन येतं, फाउंड्रीचा धंदा समजतो आणि युरोपच्या कार्बन शुल्काचा हिशेब मांडता येतो' असं म्हणणारा उमेदवार मात्र क्वचितच सापडतो, आणि कोल्हापूरपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांना आज नेमकी त्याचीच गरज आहे.